कारंज्याला माझा विरोध

१२ जानेवारी, सोमवार
आजपासून मतं इथे लिहायची. पेपरवाले छापत नाहीत. स्मृती म्हणते, अण्णा, घरात आम्ही रोज ऐकतोच की. मुलीला कसं समजावणार? ऐकणं वेगळं, नोंद वेगळी.

पहिलं मत. आमच्या पार्कात संगीत कारंजं होणार. गेटवर चित्रासकट बोर्ड लागलाय. रंगीत पाणी, हसणारी मुलं, मागे डोंगर. मल्लेश्वरममध्ये डोंगर कुठून आणणार ते लिहिलेलं नाही. आमच्या क्रॉसवर (इथे गल्लीला क्रॉस म्हणतात) फुटपाथची प्रत्येक फरशी हलते, रस्त्यावरचे दिवे दुपारी जळतात आणि संध्याकाळी विझतात, आणि सरकारला सुचलं काय? नाचणारं पाणी!

मी कारंज्याच्या विरोधात नाही, मी प्राधान्यक्रमाच्या बाजूने आहे. हे वाक्य चांगलं जमलंय. कुठेतरी वापरायचं.

संकल्प दोन. सरकारला वठणीवर आणणे. स्वतः एकही नियम न मोडणे. दुसरा सोपा आहे, मी मोडतच नाही.

१३ जानेवारी
मार्केटहून येताना स्कूटर वन-वेत उलटी घातली. अर्धाच क्रॉस. शिवाय आमचे पूर्वज मराठ्यांच्या स्वारीबरोबर या कानडी गावात आले तेव्हा इथे वन-वे नव्हता. समोरचा कारवाला कन्नडमध्ये काहीतरी ओरडला. त्याचं कन्नड अशुद्ध होतं.

हेल्मेट होतं. हँडलला.

१९ जानेवारी
भिंतीचा विषय. पार्कची मागची भिंत. दिवसाढवळ्या माणसं स्कूटर थांबवतात, भिंतीकडे तोंड करून उभी राहतात आणि जातात. लाज नाही, नियमांची चाड नाही.

बराच विचार केला. कारण सापडलं. तिथे फलकच नाही! लोक नियम मोडतात कारण त्यांना नियम दिसत नाही. म्हणजे सरकारने पहिला खर्च कशावर करायला हवा? नियमफलकांवर. अख्ख्या वॉर्डात, प्रत्येक कोपऱ्यावर. इतकं साधं आहे, आणि एवढ्या मोठ्या ऑफिसात कोणाला सुचू नये?

वरच्या मजल्यावरच्या सुशांतला सांगितलं. मूळचा नागपूरचा, आयटीत आहे, भाडं वेळेवर देतो. तो म्हणाला, काका, बोर्ड लावा, पण त्यांनी जायचं कुठे? मी म्हणालो, घरी. तर म्हणे, ती फुलवाली अनुसूयम्मा उजाडायच्या आत मार्केटात येऊन बसते, अंधार पडल्यावर उठते, घर पार हेब्बाळच्या पलीकडे, तिचं काय?

विषयांतर. आयटीतल्या पोरांना मुद्दा धरून बोलता येत नाही.

२२ जानेवारी
घरातून सहकार्य शून्य.

पद्मावती, आमची सौ., सकाळी पार्कात चालायला जाते, तिथून मार्केट, मग देवळात भजनाचा वर्ग. येते ती जेवायच्या वेळेला. आज मी फलकांविषयीच्या निवेदनाचा मसुदा घेऊन दारातच उभा राहिलो. ती आली, पिशवी माझ्या हातात कोंबली आणि धावत बाथरूममध्ये. रोजचंच आहे हे. मी बाहेर उभा राहून दोन परिच्छेद मोठ्याने वाचले. आतून प्रतिसाद नाही.

त्यात सकाळी मी स्वतः कॉफी केली होती. तिने हात लावला नाही. बाहेर जायचंय म्हणाली. बाहेर जाण्याचा आणि कॉफीचा काय संबंध? डिकॉक्शन स्वल्प पातळ झालं होतं, हे मान्य. पण तसं सरळ सांगावं.

३० जानेवारी
वॉर्ड ऑफिसला गेलो. मोठी बातमी. मार्चमध्ये पार्कातच सभा आहे. या वर्षीचा निधी कशावर खर्चावा ते नागरिकांनी सांगायचं. प्रत्येकाला तीन मिनिटं. नाव आधी द्यायचं. दिलं.

रांग होती. पण मी आधी फक्त विचारायला गेलो होतो, आणि विचारणाऱ्याला रांग नसते. मागचा एकजण कुरकुरला. त्याला रांगेच्या शिस्तीचं महत्त्व समजावून सांगितलं.

६ फेब्रुवारी
सरकारची वाट किती पाहायची? पेंटरकडून फलक करून घेतला. मजकूर माझा, कन्नड आणि इंग्रजीत: "येथे लघवी करणारा सुसंस्कृत नव्हे." सुशांतने शिडी धरली. भिंतीवर झोकात दिसतोय.

स्मृतीने विचारलं, अण्णा, पार्कच्या भिंतीला परवानगीशिवाय बोर्ड लावलेला चालतो का? मी म्हणालो, नियमांचा बोर्ड नियमाबाहेरचा कसा असेल? निरुत्तर. डोळे मिटून बसली होती.

८ फेब्रुवारी
फलकाचा परिणाम पाहायला गेलो. एकाने कार्यक्रम उरकताना त्यावर हेल्मेट अडकवलं होतं.

खिळा जास्त बाहेर आलाय. ठोकायला हवा.

१४ फेब्रुवारी
ब्लडप्रेशरची गोळी बदलली. ही नवी पाण्याची गोळी आहे, सारखं उठावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. मला तसं काही जाणवत नाही. सकाळपासून येरझाऱ्या चालल्यात खऱ्या. खुर्चीत बसवत नाही, एका जागी वाचवत नाही. पण ही अस्वस्थता समाजाविषयीची आहे. विचार करणाऱ्या माणसाला ती असतेच.

(हे लिहिताना तीनदा उठलो. समाज.)

२७ फेब्रुवारी
भाषण चार पानांचं झालं. स्मृतीला मोबाइलवर वेळ लावायला सांगितली. ती मध्येच अंघोळ करून आली तेव्हा मी दुसऱ्या पानावर होतो. म्हणाली, अण्णा, तीन मिनिटंच आहेत. मी म्हणालो, तीन मिनिटांचा नियम ज्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं त्यांच्यासाठी असतो.

पद्मावती म्हणाली, मला कंबरेत दुखतंय, आडवी होते. तिला पहिलं पान पुन्हा ऐकवायचं राहिलं.

५ मार्च
पद्मावतीला ताप. थंडी वाजतेय. ऊन लागलं असणार. या रस्त्यांवरची झाडं कापली त्याचा परिणाम. भाषणात घालायचं.

संध्याकाळी: ताप चढला. बडबडतेय. ऊन नसावं. स्मृतीने ऑफिसातून येता येताच गाडी बोलावली.

७ मार्च, हॉस्पिटल
लघवीचं इन्फेक्शन वर किडनीपर्यंत गेलंय. डॉक्टर म्हणजे स्मृतीच्याच वयाची मुलगी. तिने पद्मावतीला विचारलं, आंटी, दिवसाला पाणी किती पिता? पद्मावती चादरीची कड नीट करत राहिली. डॉक्टरने पुन्हा विचारलं. मग पद्मावती माझ्याकडे न बघता म्हणाली, घरी असले तर पिते. बाहेर जायचं असलं की नाही. सकाळी उठल्यापासून घरी परत येईपर्यंत काहीच नाही. कधीपासून? बरीच वर्षं झाली, म्हणाली. मग म्हणाली, सवय होते हो.

मोगऱ्याचा गजरा घेऊन अनुसूयम्मा भेटायला आली होती. तिने माझ्यासमोर सांगितलं. पार्कात काही सोय नाही. मार्केटातल्या टॉयलेटला कायम कुलूप. "आम्ही सगळ्याजणी अशाच सार. पाणीच पीत नाही. अगदीच नाही धरवलं तर अंधार व्हायची वाट बघायची, एक बसते आणि दुसरी पदर धरून उभी राहते. पद्मक्का कितीदा उभी राहिलीय माझ्यासाठी."

ती तशी उभी राहिलीय, आणि मी दारात मसुदा घेऊन.

मला माहीत नव्हतं. एका घरात राहतो. ती धावत आत जायची आणि मला वाटायचं तिला ऐकायचं नाही.

हॉस्पिटलच्या पार्किंगची व्यवस्था अत्यंत गलथान आहे. यावर सविस्तर लिहायला हवं.

लिहवत नाही.

११ मार्च
घरी आणलं. बारीक झालीय. मी तासातासाला ग्लास भरून नेतोय. दुपारी म्हणाली, अहो पुरे, मी काय कुंडी आहे?

भाषणात दुरुस्ती केली. स्त्रियांसाठी स्वच्छतागृह, असा मुद्दा घातला. मुद्दाम जाऊन तिला सांगितलं. तिने विचारलं, कितवा? म्हणालो, चौथ्या पानावर, "इतर" या सदरात. पण अधोरेखित केलाय. ती कूस बदलून झोपली.

तिला कळत नाहीये. भाषणाची एक बांधणी असते. फलकांचा पाया घातल्याशिवाय एकदम स्वच्छतागृहावर कसं जाणार?

१५ मार्च
"इतर" मधून काढून तिसऱ्या पानावर आणला. मन लागत नाही. रात्रभर बांधणी बदलत होतो. आणखी वर घेतला तर कारंज्यावरचा उपहास मोडतो, आणि तो उपहास उत्तम उतरलाय.

२२ मार्च, रविवार, सकाळी
सभा. इस्त्रीचा शर्ट, वर माझा बारमाही राखाडी स्वेटर. गोळी घेतली. आवाज मोकळा राहावा म्हणून दोन कॉफ्या. पद्मावतीही येते म्हणाली. अजून अशक्तपणा आहे, पण ऐकेना. बरं आहे. एकदा तरी सलग ऐकेल.

२२ मार्च, संध्याकाळी
जे झालं ते झालं तसं लिहितो. ही डायरी दुसरं कोणी वाचत नाही.

शामियाना, प्लास्टिकच्या खुर्च्या, स्टेजवर वॉर्ड ऑफिसचे साहेब आणि कारंज्याचं मोठं चित्र. सत्कार झाले, दीपप्रज्वलन झालं, साहेबांचं स्वागतपर भाषण झालं, त्याला तीन मिनिटांचा नियम नव्हता. मग नागरिक. एकाला कुत्र्यांचा त्रास, एकाला शेजाऱ्याचा. माझा नंबर जवळ येत चालला आणि माझी अस्वस्थता वाढत चालली. ही समाजाविषयीची नव्हती.

स्वयंसेवकाला विचारलं. इथे सोय नाही सार, हॉटेलात जा. हॉटेलात गेलो. फक्त गिऱ्हाइकांसाठी, म्हणाले. कॉफी मागितली, तर टोकन घेऊन रांगेत या. रांगेत उभं राहण्याची परिस्थिती राहिली नव्हती. म्हणजे मग. पार्कच्या मागे भिंत होती.

उरकतो न उरकतो तोच खांद्यावर हात. मार्शल. नवा नेमलेला, खाकी टोपी, हातात पावत्यांचं मशीन. त्याने फलकाकडे बोट दाखवलं. सार, वाचता येत नाही? मी चिडून म्हणालो, अरे, तो मीच लिहिलाय. तो म्हणाला, मग दंड डबल लावायला पाहिजे.

त्याला माझी पार्श्वभूमी सांगत होतो तेवढ्यात भिंतीपलीकडून लाउडस्पीकर बोलला. श्री. नरसिंह राव. श्री. नरसिंह राव आहेत का? मी ओरडलो, आहे! मार्शल म्हणाला, पावती झाल्याशिवाय सोडता येत नाही, नियम आहे.

आणि मग लाउडस्पीकरवर पद्मावतीचा आवाज आला.

कन्नडमध्येच बोलली. माइक जवळ धरायची सवय नाही, आधी नुसता श्वास ऐकू आला. म्हणाली, "तुम्ही ज्यांचं नाव घेतलं ते माझे यजमान. ते इथे नाहीत. कुठे गेलेत ते मला माहीत आहे, कारण या पार्कात जायला जागाच नाही. ते पुरुष आहेत, त्यांना एखादी भिंत सापडेल."

सगळे हसले. मोठ्याने हसले. मार्शल माझ्याकडे बघून हसला.

हसू थांबेपर्यंत ती थांबली. मग म्हणाली, "आम्हाला भिंत नाही. म्हणून आम्ही पाणी पीत नाही. मी या महिन्यात हॉस्पिटलात होते त्याचं कारण हे. ही अनुसूयम्मा दिवसभर तुमच्या देवांची फुलं विकते, ती घोटभर पाणी पीत नाही. मला दुसरं काही मागायचं नाही."

मला भिंतीपलीकडचं दिसत नव्हतं. खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. सुशांतने नंतर सांगितलं की आधी अनुसूयम्मा उभी राहिली, मग तिच्या शेजारची, मग बायकांच्या बाजूची जवळजवळ सगळी. साहेब म्हणाले, अम्मा, तुमचं बरोबर आहे, पण कारंजं मंजूर झालंय. पद्मावती म्हणाली, "झालं असेल. पाणी उडवायला तुमच्याकडे पैसे आहेत, आणि इथे आम्ही पाणी प्यायला घाबरतो. हे लिहून घ्या."

लिहून घेतलं. हात वर करायला सांगितले. कारंजं पुढे ढकललं, आधी स्वच्छतागृह.

मी पावती खिशात घालून आलो तेव्हा बायकांचा गराडा पडला होता तिच्याभोवती. तिने लांबूनच विचारलं, झालं का? मी म्हणालो, हो. चार पानं दुसऱ्या खिशात तशीच होती. ती खुर्चीला धरून उभी होती. रिक्षा बोलावली.

२३ मार्च
शांतपणे विचार केला. मी तिथे असतो तर मी बोललो असतो. मी बोललो असतो तर ती बोलली नसती. ती बोलली नसती तर निधी मिळाला नसता. म्हणजे माझी अनुपस्थिती निर्णायक ठरली. याला धोरण म्हणतात.

स्मृतीला सांगितलं. ती हसत हसत जमिनीवर बसली.

२४ मार्च
वॉर्डाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी भिंतीजवळचा फोटो टाकलाय. पाठमोरा आहे. सुशांत म्हणाला, काका, चेहरा दिसत नाही, टेन्शन घेऊ नका. खाली लोकांनी लिहिलंय, "नरसिंह राव सरांचा स्वेटर."

फलक उतरवला. परवानगी नव्हती ना. नियम म्हणजे नियम.

९ एप्रिल
कामाला अजून सुरुवात नाही. पद्मावती आणि अनुसूयम्मा वॉर्ड ऑफिसला जाऊन आल्या. मी मार्गदर्शन करायला येऊ का विचारलं. पद्मावती म्हणाली, नको, तुम्ही रांग मोडता.

हे तिला कोणी सांगितलं?

४ मे
त्या पुन्हा गेल्या. या वेळी बऱ्याच जणी होत्या. साहेब जेवायला गेलेत असं सांगितल्यावर त्या तिथेच बसून भजन म्हणायला लागल्या म्हणे. साहेब जेवण अर्धं टाकून आले.

घरी मी पोहे केले होते. ती आली तेव्हा गार झाले होते. माझी काही तक्रार नाही. फक्त नोंद.

१८ जून
उद्घाटन. तयार केबिनचं आहे, पण पाणी येतं, कडी लागते, दिवा लागतो. पुरुषांसाठी बाजूला एक. फीत अनुसूयम्माने कापली. साहेबांनी भाषण केलं, दूरदृष्टी वगैरे. मी दोन शब्द बोलायला पुढे सरकलो, पण माइक बंद झाला होता.

देखभालीची समिती झाली, पद्मावती तिची प्रमुख. फोन आता घरी तिच्यासाठी वाजतो. मी उचलला की म्हणतात, मॅडम आहेत का? मी म्हणतो, मी मिस्टर बोलतोय, मलाही या विषयाची पूर्ण माहिती आहे. ते म्हणतात, सरी सार, मॅडमना द्या.

सकाळी ती कॉफी पिऊन बाहेर पडते. डिकॉक्शन मीच करतो. कपात थेंब उरत नाही.

२८ जून, रविवार, दुपारी, के. आर. पुरम
इथल्या बायकांनी पद्मावतीला बोलावलं. त्यांच्या बाजाराजवळही सोय नाही, तुम्ही कसं केलंत ते येऊन सांगा. मी सोबत निघालो. ती बोलेल, मग व्यापक भूमिका मी मांडेन, असं ठरवलं होतं. मी ठरवलं होतं. नवं भाषण सात पानांचं.

मेट्रोत दाराजवळ उभ्या असलेल्या पोरांना नियम समजावला. पद्मावती पुढच्या डब्यात जाऊन बसली.

हॉल गच्च भरलेला. दारातल्या बाईने मला थांबवलं. आज फक्त बायकांची मीटिंग आहे सार, त्या तुमच्यासमोर मोकळं बोलणार नाहीत, स्वल्प बाहेर बसाल? मी म्हणालो, मी नरसिंह राव, मल्लेश्वरम. तिने पद्मावतीकडे पाहिलं. पद्मावती म्हणाली, ते माझ्याबरोबर आलेत. एवढंच. पण म्हणताना माझ्या हातातली पिशवी घेतली आणि पाण्याची बाटली काढून मला दिली. भाषण पिशवीत, पिशवी आत.

बाहेर पायरीवर बसलोय. आजूबाजूला चपला. डायरी वरच्या खिशात होती म्हणून लिहितोय.

मघाशी एक तरुण बाई घाईने आली. कडेवर तान्ही मुलगी. आत जागा नाही, ही रडते, जरा धराल का अज्जा, म्हणाली. उत्तराची वाट न बघता मुलगी माझ्या मांडीवर ठेवून आत गेली. मला अज्जा म्हणाली. मुलीने माझ्याकडे बघून तोंड वाकडं केलं. तिला निधीच्या विनियोगाबद्दल थोडक्यात सांगितलं. झोपली.

आत पद्मावतीचा आवाज येतोय, शब्द कळत नाहीत. आता सगळ्या एकदम हसल्या. कशाला हसल्या? उठून दाराशी जावंसं वाटतंय. पण उठलो तर ही जागी होईल.

बसलोय.